ओट्याखालचे ड्रॉवर: रंग मागाहून, चॅनल आधी

"आई, थांबा, मी काढून देते!" असं मी म्हणेपर्यंत उशीर झाला होता. सासूबाईंनी ओट्याखालचा सर्वांत खालचा ड्रॉवर ओढला, 'कट्' असा आवाज आला आणि तांदूळ, साखर, डाळींच्या डब्यांसकट तो अख्खा ड्रॉवर त्यांच्या उजव्या पावलावर आदळला. अंगठ्याचं हाड मोडलं. दीड महिना त्या घरातल्या घरात काठी घेऊन चालत होत्या.

हाड जुळलं हो, पण त्यानंतर सासूबाईंनी ड्रॉवरला हात लावणं सोडून दिलं. खरं म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना खाली बसणं जमेना म्हणूनच आम्ही जुन्या फळ्या काढून ट्रॉल्या आणि ड्रॉवर करून घेतले होते. आणि चाळीस वर्षं ज्या बाईनं एकटीनं स्वयंपाकघर सांभाळलं, ती आता दाराशी उभी राहून म्हणायची, "अगं, जरा वाटीभर तूरडाळ काढून देतेस?" मी सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवायला जाते. मी घरी नसले की सासूबाईंची डाळ शिजत नसे. हे मला फार लागून राहिलं.

दोष फर्निचर करणाऱ्याचा होताच, पण माझाही होता. लॅमिनेटचा रंग मोतिया घ्यावा की पिस्ता, यावर मी आणि ह्यांनी आठ दिवस खल केला होता. हँडलं पसंत करायला दोनदा बाजारात गेले. पण "ड्रॉवरला चॅनल कोणतं लावणार आणि पेटी कशाची करणार?" हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. त्यानं मनाला येईल ते लावलं, आणि विचारलं तेव्हा म्हणाला, "वहिनी, सगळीकडे हेच लावतो."

गेल्या वर्षी मी माझ्या पगारातून भिशीत साठवलेले पैसे काढले आणि ओट्याखालचं सगळं काम नव्यानं करून घेतलं. या वेळी दुकानं पालथी घातली, सुताराला भंडावून सोडलं आणि मगच पैसे दिले. आमच्या सांगलीत हल्ली घरोघरी ओट्याखाली ड्रॉवर होताहेत, तुमच्याकडेही होत असतील. माझ्यासारखं दोनदा खर्चात पडायला नको, म्हणून जे शिकले ते सांगते.

ड्रॉवर हवेत कशाला?

ओट्याखालच्या फळीवर मागे ठेवलेला डबा काढायचा म्हणजे आधी पुढचे चार डबे काढायचे, मग जवळजवळ डोकं आत घालायचं. ड्रॉवरचं तसं नाही. आपण वस्तूकडे जायचं नाही, वस्तूच आपल्याकडे येते. वरून एका नजरेत सगळं दिसतं.

हा विचार नवा नाही. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात मध्यमवर्गीय आणि कामगारांच्या घरांसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर तयार झालं. ते आखलं मार्गारेटं शुट्टे-लिहोत्स्की या बाईंनी. त्या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद होत्या. बाईची स्वयंपाकघरात किती पावलं पडतात, याचा विचार करून त्यांनी ओटा, कपाटं आणि खण यांच्या जागा ठरवल्या. तांदूळ, साखर अशा जिनसांसाठी ओळीनं ॲल्युमिनियमचे छोटे खण केले, आणि पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, कारण त्यात अळी होत नाही. म्हणजे बघा, आधी जिन्नस, मग खण! आपणही हाच क्रम ठेवायचा.

पहिलं काम: वजनकाटा

सुताराला बोलावण्याआधी एक दुपार काढा आणि प्रत्येक ड्रॉवरमध्ये काय जाणार ते वजन करून वहीत लिहा. हसू नका, मी केलं. आमच्या खालच्या ड्रॉवरचा हिशेब असा झाला: तांदूळ ९ किलो, साखर ५, तूरडाळ ३, हरभराडाळ २, रवा-पोहे ३ आणि रिकाम्या डब्यांचं वजन ३. एकूण २५ किलो! त्यात प्लायवूडच्या पेटीचं आणि दर्शनी फळीचं मिळून पाच-सहा किलो धरा. म्हणजे चॅनलवर तीस-एकतीस किलोंचा भार. आणि आमच्याकडे लावलं होतं साधं रोलरचं चॅनल, जे जेमतेम वीस-पंचवीस किलोंसाठी असतं. ते दोन वर्षं तगलं, याचंच नवल.

ताटांच्या ड्रॉवरला मात्र एवढं लागत नाही. आमचं एक स्टीलचं ताट साडेतीनशे ग्रॅम भरलं. बारा ताटं, दोन डझन वाट्या, पेले सगळं मिळून दहा किलोंच्या आत. चमच्यांचा ड्रॉवर तर तीन किलोंचाही नाही. म्हणजे सगळ्या ड्रॉवरना एकच चॅनल लावणं हा एकीकडे धोका आणि दुसरीकडे उधळपट्टी.

साधा नियम ठेवा. माल अधिक पेटी असं जे वजन येईल, त्याच्यावर निदान तिसरा हिस्सा जादा धरा आणि तेवढं पेलणारं चॅनल घ्या. आमच्या तीस किलोंना म्हणून ४५ किलोंचं घेतलं. पाकिटावर लिहिलेला आकडा जोडीचा असतो, एका बाजूचा नव्हे, आणि भार सगळीकडे सारखा पसरला आहे असं धरून दिलेला असतो. ड्रॉवर पूर्ण बाहेर आला की सगळा भार त्या दोन पट्ट्यांवर लोंबकळतो. त्यातून घरात लहान मूल असेल आणि ते उघड्या ड्रॉवरवर पाय देऊन चढलं, तर हिशेब सांगायलाच नको. तेव्हा आकड्यात काटकसर नको.

चॅनल: कोणतं कुठे?

बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात.

पहिलं रोलरचं. बहुधा पांढऱ्या रंगाची पट्टी आणि टोकाला प्लॅस्टिकची चाकं. सर्वांत स्वस्त. पण ड्रॉवर साधारण पाऊण भागच बाहेर येतो, म्हणजे मागचा डबा काढायला हात आत घालावाच लागतो. शिवाय जोरात ओढलं आणि चाक खाचेवरून उडालं, की ड्रॉवर हातात! चमचे, पुसणी, मेणबत्त्या-काड्यापेट्या यांच्यासाठी ठीक. डाळी-तांदळाखाली कधीही नको.

दुसरं बॉल बेअरिंगचं, ज्याला टेलिस्कोपिक म्हणतात. एकात एक सरकणाऱ्या पट्ट्या आणि मध्ये पोलादी गोळ्या. यातही दोन पट्ट्यांचं आणि तीन पट्ट्यांचं असे प्रकार आहेत. तीन पट्ट्यांचंच मागा, म्हणजे ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो. आपल्यासारख्या घरांना हे सर्वांत परवडणारं आणि खात्रीचं. एकाच लांबीच्या दोन कंपन्यांच्या जोड्या दोन हातांत घेऊन बघा. जड असते तिचा पत्रा सहसा जाड असतो. जोडी उघडून आडवी हलवून पाहा, खुळखुळत असेल तर परत ठेवा.

तिसरं त्याचंच सॉफ्ट क्लोज रूप. शेवटच्या एक-दोन इंचांत ड्रॉवर आपोआप हळू होतो आणि आवाज न करता मिटतो. ही चैन वाटते, पण ज्या ड्रॉवरमध्ये काचेची भांडी आहेत, किंवा ज्यात मुलांची बोटं चेमटण्याची भीती आहे, तिथे ती चैन नव्हे. मात्र सॉफ्ट क्लोज म्हणजे जास्त मजबूत असं नाही हं! भार पेलण्याचा आकडा वेगळा बघावा लागतो. दुकानात ते हळू मिटताना बघून आपण भुलतो आणि वजनाचं विचारायचं विसरतो.

चौथं पेटीच्या खाली लपणारं चॅनल, आणि त्याच जातीतला बाजूंना पत्र्याच्या भिंती असलेला तयार ड्रॉवर. दुकानदार या तयार ड्रॉवरला सरसकट टँडम म्हणतात. हे खरं म्हणजे ऑस्ट्रियातल्या ब्लुम कंपनीनं आपल्या मालाला दिलेलं नाव, पण वनस्पती तुपाला जसं आपण डालडा म्हणतो तसं ते झालं आहे. म्हणून 'टँडम लावतो' एवढ्यावर हुरळू नका. कोणत्या कंपनीचं आणि किती किलोंचं ते बिलावर लिहून घ्या. दिसायला देखणं, चालायला लोण्यासारखं, पण किंमत कितीतरी जास्त. सगळीकडे लावणं झेपलं नाही, तर जो ड्रॉवर दिवसातून वीसदा उघडतो त्याला एकट्याला लावावं. मी तेवढंही केलं नाही, आणि माझं अडलं नाही.

माप: सगळं अर्ध्या इंचावर अडतं

बाजूला बसणारं बॉल बेअरिंगचं चॅनल साधारण अर्धा इंच जाड असतं. दोन बाजूंचं मिळून एक इंच. म्हणून १८ इंचांच्या मोकळ्या जागेत पेटी १७ इंचांची हवी. पेटी थोडी मोठी झाली तर ड्रॉवर घट्ट होतो, ओढताना करकरतो. लहान झाली तर पट्ट्या ताणल्या जाऊन गोळ्या सुटतात. चॅनल आधी विकत आणायचं आणि त्याची जाडी मोजून मग पेटी करायची. आमच्या पहिल्या कामात पेट्या आधी झाल्या होत्या, आणि मग मागे पुठ्ठ्याचे तुकडे घालून चॅनलं बसवली होती.

गावाकडच्या आणि जुन्या ओट्यांची आणखी एक गंमत असते. खाली कडाप्प्याच्या उभ्या फरश्या असतात आणि त्या कधीच अगदी ओळंब्यात नसतात. तोंडाशी १८ इंच असतील तर मागे पावणेअठरा. जागा पुढे, मध्ये आणि मागे, तसंच वर आणि खाली मोजा, आणि सर्वांत कमी माप खरं धरा. कडाप्प्याला थेट चॅनल न ठोकता आत प्लायवूडची चौकट काटकोनात बसवून घ्यावी आणि चॅनल त्या चौकटीला लावावं.

चॅनल इंचांत मिळतं: १८, २०, २२. ओटा सहसा दोन फूट खोल असतो. पुढचा छज्जा, दर्शनी फळी आणि मागे भिंतीलगतचा पाइप यांची जागा सोडली की बहुतेक घरांत २० इंचांचं बसतं. सुतार बरेचदा १६ इंचांचं लावून मोकळा होतो आणि मागची चार-पाच इंच जागा कायमची फुकट जाते. विचारायला लाजू नका.

रुंदीचा मोह मात्र आवरा. तीन फुटी ड्रॉवर चित्रात सुरेख दिसतो, पण खोलीपेक्षा रुंदी फार वाढली की एका बाजूनं ओढल्यावर तो तिरका धावतो आणि तळ मध्येच झुलतो. डाळी-तांदळाला दीड ते दोन फूट रुंदी पुरे.

पेटी कशाची?

चॅनल कितीही भारी घेतलं तरी त्याचे स्क्रू शेवटी पेटीलाच धरायचे असतात. आमच्या त्या ड्रॉवरची एक बाजू बघितली तर चॅनल शाबूत होतं, पण सगळे स्क्रू भुशासकट उपटून आले होते. ते प्लायवूड नव्हतंच. तो होता पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला. वर लॅमिनेट होतं, मला काय कळणार!

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आमच्या शहरात शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर माझ्या एका मैत्रिणीकडे साफसफाईला गेले होते. तिच्या कपाटांचा बोर्ड पावासारखा फुगून सुटला होता. पुराचं सोडा, पण मोरीशेजारी रोज थोडंथोडं पाणी झिरपतच असतं. म्हणून पेटीला आणि चौकटीला प्लायवूडच घ्या. पानावर आय.एस.आय.चा शिक्का आणि आकडा बघा: ३०३ हा साधारण वापराच्या प्लायवूडचा, ७१० हा पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचा. सगळं मरीन परवडत नसेल तर निदान मोरीच्या दोन्ही बाजूंना ते वापरावं. कापल्यानंतर शिक्का दिसत नाही, म्हणून पान कापण्याआधीच बघायचं.

पेटीच्या बाजू १२ मिलिमीटरच्या. तळ चमच्यांना ६ चा चालेल, डाळी-तांदळाला ९ किंवा १२ चाच. तळ नुसता खालून खिळ्यांनी ठोकलेला नको. बाजूंना खाच पाडून त्यात सरकवलेला हवा. खिळे भारानं हळूहळू निसटतात, खाच निसटत नाही.

स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्याही वाईट नाहीत. धुता येतात, वारा खेळतो, झुरळ लपायला जागा नाही. कांदे-बटाटे, कढया, पातेली यांना त्याच उत्तम. पण चमचे, लिंबं आणि छोट्या बाटल्या गजांतून निसटतात किंवा कलंडतात. तिथे भोकांच्या पत्र्याच्या तळाची घ्यावी. स्टीलमध्ये ३०४ दर्जाचं गंजायला चांगलंच टिकतं. त्यात निकेल जास्त असतं, सुमारे आठ टक्के. २०२ स्वस्त असतं आणि दमट जागी डाग धरतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, 'बघा, चिकटत नाही, अस्सल आहे!' त्याला फसू नका. २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. दर्जा बिलावर लिहून द्या म्हणावं. कोकणातल्या, समुद्राजवळच्या मैत्रिणींनी तर याकडे फारच लक्ष द्यावं. खाऱ्या हवेत हलका मुलामा दिलेली चॅनलंसुद्धा लवकर गंजतात.

सुताराला हे पाच प्रश्न विचारा

१. या ड्रॉवरचं चॅनल किती किलोंचं आहे? पाकीट दाखवता का?
२. पूर्ण बाहेर येतं की पाऊण?
३. पेटी आणि चौकट प्लायवूडचीच ना? शिक्का कुठे आहे?
४. तळ खाचेत बसवणार की खालून ठोकणार?
५. चॅनलला प्रत्येक बाजूला किती स्क्रू मारणार? तीनपेक्षा कमी नकोत, आणि खिळा तर मुळीच नको.

काम झाल्यावर लगेच शेवटचे पैसे देऊ नका. जो जिन्नस त्यात ठेवायचा तोच भरून, पूर्ण बाहेर ओढून, तसाच पाच मिनिटं ठेवा. दर्शनी फळी खाली झुकली, बाजूच्या ड्रॉवरला घासली, तर सुतार घरात असतानाच दुरुस्त करून घ्या. मागाहून तो फोन उचलत नाही, हा तुमचाही अनुभव असेल!

निगा

बॉल बेअरिंगच्या चॅनलला गोडं तेल कधी घालू नका. तेलावर पीठ-मसाला बसून त्याचा चिकटा होतो. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पट्ट्या पुसाव्यात. करकर वाटलीच तर शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब घालून जादाचं टिपून घ्यावं. ड्रॉवर काढून साफ करायचा असेल तर हिसके देऊ नका. चॅनलच्या दोन्ही बाजूंना काळ्या प्लॅस्टिकची छोटी जिभली असते. बहुतेक चॅनलांत एक वर उचलायची, दुसरी खाली दाबायची आणि सरळ ओढायचं. ड्रॉवर अलगद निघतो. काढण्याआधी रिकामा करायला मात्र विसरू नका.

नव्या कामात पैसे वाचवण्यासाठी मी लॅमिनेट साधं घेतलं, हँडलं जुनीच धुऊन लावली. बघायला येणाऱ्या बायका म्हणतात, "नवीन केलंत म्हणे? काही वाटत नाही हो तसं." मी हसते.

काम झाल्यावरही तीन आठवडे सासूबाई डाळ मागूनच घेत होत्या. मी काही बोलले नाही. मग एका सकाळी मधली सुट्टी झाली, तेव्हा लक्षात आलं की डाळ काढून ठेवायची राहिली. जीव वरखाली झाला. घरी येऊन बघते तर कुकर उतरलेला, वरणाला फोडणी पडलेली. सासूबाई ताटं मांडत होत्या. नेहमीसारख्याच शांतपणे म्हणाल्या, "अगं, तूरडाळ संपत आलीय. या महिन्यात थोडी जास्त आण. मावते त्यात, मी बघितलं."